पावसाळ्यात कॅम्परव्हॅन उभी ठेवताय? मग बॅटरीचं असं करा (पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी)

आपल्याकडे कॅम्परव्हॅन जूनमध्ये पार्किंगमध्ये जाते ती एकदम दसऱ्याला हार घालायलाच बाहेर निघते. चावी फिरवली की डॅशबोर्डचे दिवे मंद पेटतात, खालून टक टक टक आवाज येतो आणि सेल्फ काही घेत नाही. मग जंपर केबल शोधा, शेजाऱ्याची गाडी आणा, बॅटरीवाल्याला बोलवा, आणि तो बघून सांगतो "प्लेटा गेल्या, नवीन टाका". गेली काही वर्षं मी माझी व्हॅन दर पावसाळ्यात उभी ठेवतोय आणि नवीन व्हॅन घेतलेले लोक तेच तेच प्रश्न विचारतात म्हणून हे सगळं एका ठिकाणी लिहितोय. फोर्स ट्रॅव्हलर असो, विंगर असो की ईकोमध्ये केलेलं छोटं कन्व्हर्जन, पद्धत तीच.

एक गोष्ट आधीच सांगतो. बहुतेक जण थेट "कुठला चार्जर घेऊ" इथून सुरुवात करतात आणि तिथेच चुकतं. आधी बॅटरी कुठे गळतेय ते शोधा, ती गळती बंद करा, मग चार्जिंगचं बघा. गळक्या रांजणात पाणी ओतत बसून काही होत नाही.

जवळ काय काय पाहिजे

- डिजिटल मल्टिमीटर, साधा चालेल पण १० अॅम्पचं भोक असलेला हवा
- १० नंबरचा पाना (काही टर्मिनलला १२ किंवा १३ लागतो)
- ऑटो-कट असलेला १२ व्होल्टचा स्मार्ट चार्जर
- डिस्टिल्ड वॉटर, रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा
- खायचा सोडा, जुना टूथब्रश, व्हॅसलीन
- मास्किंग टेप आणि मार्कर
- बॅटरीचं वॉरंटी कार्ड (दुकानाचा शिक्का आणि तारीख आहे ना बघून घ्या), स्टिरिओला कोड असेल तर तो, आणि गाडीची दुसरी चावी
- सोसायटीच्या पार्किंगमधला पॉइंट वापरणार असाल तर कमिटीची लेखी परवानगी

इन्शुरन्सची तारीख पण याच वेळी बघा. गाडी उभी आहे म्हणून पॉलिसी लॅप्स होऊ देऊ नका, पावसात झाड पडणं आणि पार्किंगमध्ये पाणी शिरणं उभ्या गाडीलाच होतं.

१. आपल्या गाडीत बॅटऱ्या किती आणि कुठल्या, ते बघा

व्हॅनमध्ये दोन वेगळ्या बॅटऱ्या असतात. एक बॉनेटखाली किंवा सीटखाली, इंजिन सुरू करायची. दुसरी मागे घराची, जिच्यावर फ्रिज, पंखे, दिवे, पाण्याचा पंप चालतो. पहिली जवळजवळ नेहमी लेड-अॅसिड असते. दुसरी ट्यूब्युलर, एजीएम, जेल (तिन्ही लेड-अॅसिडचेच प्रकार) किंवा लिथियम आयर्न फॉस्फेट (पुढे नुसतं लिथियम म्हणतो) यापैकी काहीही असू शकते, स्टिकर वाचा, फोटो काढून ठेवा. मोठ्या बसच्या चासीवर केलेली गाडी असेल तर सिस्टीम २४ व्होल्टची असू शकते, मग खालचे व्होल्टचे सगळे आकडे दुप्पट धरा आणि चार्जर पण २४ चाच घ्या.

आता सगळ्यात मोठी फसगत. "छतावर सोलर आहे, मग मला काय काळजी?" सोलर बहुतेक गाड्यांत फक्त घराच्या बॅटरीला जोडलेलं असतं. इंजिनची बॅटरी त्यावर चार्ज होत नाही! दोन्हींच्या मध्ये जो डीसी-डीसी चार्जर किंवा रिले असतो तो इंजिनकडून घराकडे करंट नेतो, उलटा नेत नाही. काही रिले दोन्ही बाजूंनी काम करतात पण तुमचा तसा आहे का हे मीटरनेच कळेल. भर उन्हात सोलर चालू असताना इंजिनच्या बॅटरीचे व्होल्ट मोजा, १३ च्या वर दिसले तर सोलर तिथपर्यंत पोचतंय, १२.५ च्या आसपास घुटमळत असेल तर नाही.

२. उभी करण्याआधी बॅटरी पूर्ण भरा

अर्धी भरलेली लेड-अॅसिड बॅटरी तशीच ठेवली की प्लेटांवर सल्फेटचे खडे जमतात, आणि दिवस जातील तसे ते कडक होतात. मग बॅटरी चार्ज घेते असं वाटतं पण ताकद राहत नाही. या बॅटरीला रिकामं राहणंच मारतं, म्हणून ती भरूनच ठेवायची.

लोणावळ्याहून घरी येताना दीड-दोन तास गाडी चालली म्हणजे बॅटरी फुल झाली असं धरू नका. शेवटचे २० टक्के भरायला तासन् तास लागतात, ते चालत्या गाडीत होत नाही. रात्रभर स्मार्ट चार्जरला लावा. करंट साधारण एएचच्या (अॅम्पियर-अवर, म्हणजे बॅटरीवर लिहिलेली क्षमता) दहाव्या हिश्श्याएवढा, म्हणजे ७० एएचला ७ अॅम्पपर्यंत. कमी अॅम्पचा असेल तर वेळ जास्त लागेल एवढंच.

टोपणांची बॅटरी असेल तर पाणी बघा. प्लेटा उघड्या दिसत असतील तर त्या बुडतील एवढंच डिस्टिल्ड वॉटर आधी घाला, बाकीचं खुणेपर्यंत चार्जिंग झाल्यावर. चार्जिंगच्या आधीच काठोकाठ भरलं तर अॅसिड उतू जाऊन ट्रेमध्ये सांडतं आणि पत्रा खातं. नळाचं, फिल्टरचं, बिसलेरीचं पाणी अजिबात नाही. टर्मिनलवर पांढरं-हिरवं साचलं असेल तर सोड्याचं पाणी आणि ब्रश, कोरडं करून वर व्हॅसलीनचा पातळ हात. सोड्याचं पाणी टोपणातून आत जाऊ देऊ नका.

आणि हवा! लेड-अॅसिड चार्ज होताना हायड्रोजन निघतो. घराची बॅटरी पलंगाखालच्या बंद खोक्यात असते, चार्जिंगच्या वेळी झाकण उघडं, खिडक्या उघड्या, जवळ सिगरेट-अगरबत्ती काही नको.

३. गळती शोधा

इथे घाई करू नका, सगळ्यात जास्त फायदा याच पायरीत आहे.

हिशोब सोपा आहे. गाडी बंद असताना ५० मिलीअॅम्प जात असतील तर दिवसाला १.२ एएच गेले, महिन्याला ३६. ७० एएचची बॅटरी महिन्यात अर्धी, आणि ईकोची ३५ च्या आसपासची बॅटरी तर संपलीच. आणि ५० मिलीअॅम्प म्हणजे काही बिघाड नव्हे, सेंट्रल लॉक, घड्याळ, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), अलार्म यांचंच एवढं होऊ शकतं.

मोजायचं असं. सगळं बंद करा, बॉनेट उघडं ठेवा, चावी काढून लांब ठेवा, कीलेस असेल तर घरातच ठेवून या. मीटरची लाल वायर १० अॅम्पच्या भोकात घाला, नॉब १० अॅम्प डीसीवर. बॅटरीची मायनस केबल सोडवा आणि मीटर मध्ये जोडा, एक टोक बॅटरीच्या मायनस खुंटीला, दुसरं सुटलेल्या केबलला. सुरुवातीला आकडा मोठा दिसेल, घाबरू नका, अर्धा तास थांबा, गाडीतली कॉम्प्युटरं हळूहळू झोपतात आणि आकडा खाली येतो. या अर्ध्या तासात दार उघडायचं नाही, नाहीतर सगळं परत जागं होतं.

दोन गोष्टी प्लीज लक्षात ठेवा. मीटर असा जोडलेला असताना चावी फिरवायची नाही, सेल्फचा करंट मीटरमधून गेला तर मीटर जळेल. आणि काम झालं की लाल वायर लगेच परत व्होल्टच्या भोकात, कारण १० अॅम्पच्या भोकात वायर ठेवून कोणी बॅटरीच्या प्लस-मायनसला टोकं लावली तर तो सरळ शॉर्ट आहे, ठिणगी उडून हात भाजतो.

आकडा ५० मिलीअॅम्पच्या (१० अॅम्पच्या रेंजवर मीटर ते ०.०५ असं दाखवतो) बराच वर असेल तर एकेक फ्यूज काढत जा आणि मीटरकडे बघत राहा, जो काढल्यावर आकडा धपकन पडेल तो गुन्हेगार. माझ्या गाडीत आकडा २०० मिलीअॅम्पच्या वर होता आणि म्युझिक सिस्टीमचा फ्यूज काढला तसा ४० वर आला. स्टिरिओच्या मागे बघितलं तर पिवळी आणि लाल वायर एकत्र पिळून थेट बॅटरीच्या लाइनला दिलेल्या. पिवळी मेमरीसाठी कायम चालू लागते, लाल मात्र चावीच्या लाइनवर पाहिजे. चावी नसताना पण गाणी वाजावीत म्हणून फिटिंग करणारे असं सर्रास करून देतात, मग तो सेट कधीच पूर्ण बंद होत नाही. वायरमनने लाल वायर चावीवर घेतली, अर्ध्या तासाचं काम. बाहेरून बसवलेला स्टिरिओ असेल तर तुम्ही पण इथूनच सुरुवात करा, मग डॅशकॅम, मग जीपीएस ट्रॅकर.

मागच्या घराच्या बाजूला यादी वेगळी. सगळ्यात वाईट इन्व्हर्टर. काहीही न जोडता नुसता चालू राहिला तरी १० वॅट खातो असं धरलं तर दिवसाला २० एएच गेले, म्हणजे १०० एएचची बॅटरी पाच दिवसांत आडवी. नंतर निळा दिवा असलेले यूएसबी सॉकेट, गॅस डिटेक्टर, फ्रिजचं कंट्रोल, टीव्हीचा स्टँडबाय. इन्व्हर्टर रिमोटच्या बटणाने नाही, त्याच्या अंगावरच्या स्विचने बंद करा. फ्रिज रिकामा करून दार थोडं उघडं ठेवा, नाहीतर पावसाळ्यात आत बुरशी येते.

पिवळ्या पाटीची गाडी असेल तर त्यात सरकारी नियमाचा ट्रॅकर असतो, मेन बॅटरी तोडली की तो तसा अलर्ट पाठवतो. ज्यांनी बसवलाय त्यांना आधी फोन करून सांगून ठेवा.

४. तुमच्या पार्किंगप्रमाणे उपाय निवडा

प्लग जवळ असेल तर हा सगळ्यात सोपा मार्ग. स्मार्ट चार्जर लावा, भरल्यावर तो आपोआप १३.५ ते १३.८ व्होल्टच्या फ्लोटवर (भरलेली बॅटरी भरलेलीच ठेवणारं हलकं चार्जिंग) येतो आणि महिनोन् महिने तसाच राहू शकतो. मेन्टेनन्सला १ अॅम्पचा पण पुरतो. बिलाची काळजी असेल तर, भरलेल्या बॅटरीला सांभाळायला ५ वॅट धरले तरी महिन्याला ४ युनिटच्या आत. सोसायटीच्या सेक्रेटरीला हाच आकडा दाखवा, मीटिंगमध्ये वाद होणार नाही.

बॅटरीच्या दुकानात ठेवतात तसा जुना ट्रान्सफॉर्मरवाला चार्जर मात्र महिनाभर लावून ठेवू नका. त्याला थांबायचं कळत नाही, पाणी उकळून उडतं आणि प्लेटा वाकड्या होतात. जोडताना आधी चिमटे बॅटरीला, मग भिंतीचा स्विच, काढताना उलटं. अर्थिंग असलेलाच पॉइंट घ्या. वायर खिडकीच्या फटीतून नेऊ नका, त्या फटीतून पाणी शिरतं आणि उंदीर पण. बॅटरीला फ्यूजसकट एक छोटी पिगटेल वायर कायमची बसवून ग्रिलपाशी काढून ठेवा, चार्जर तिलाच जोडायचा.

प्लग नाही पण ऊन आहे तर इंजिनच्या बॅटरीसाठी वेगळं १०-२० वॅटचं पॅनल आणि छोटा चार्ज कंट्रोलर. कंट्रोलरला आधी बॅटरी जोडा, मग पॅनल, काढताना आधी पॅनल. लायटर सॉकेटमध्ये घुसवायचे सोलर चार्जर ऑनलाइन खूप मिळतात पण बऱ्याच गाड्यांत चावी बंद केली की ते सॉकेटच मरतं, मग पॅनल काचेमागे तापतं आणि बॅटरीला काही पोचत नाही. घ्यायच्या आधी चावी काढून सॉकेटमध्ये फोनचा चार्जर लावून बघा.

कोकणात किंवा घाटमाथ्यावर गाडी असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये सोलरवर भिस्त ठेवू नका. आठवडाभर सूर्य दिसत नाही, पॅनल लेबलवरच्या वॅटच्या दहाव्या हिश्श्यावर येऊ शकतं. गाडीला कव्हर घातलं तर छतावरचं पॅनल झाकलंच, हे सांगायला नको पण लोक घालतात. उन्हासाठी मोकळ्यात लावताना वर नारळ-फणस नाही ना बघा.

प्लग पण नाही, ऊन पण नाही, म्हणजे बेसमेंट पार्किंग. मग पूर्ण भरलेल्या बॅटरीची मायनस केबल सोडवा, टोकाला टेप गुंडाळा आणि खुंटीपासून लांब बांधून ठेवा. नेहमी मायनस आधी काढायची आणि शेवटी लावायची, कारण प्लस सोडवताना पाना बॉडीला टेकला तर मोठी ठिणगी पडते. असं केलं की फक्त बॅटरीचं स्वतःचं उतरणं उरतं. पाण्याच्या बॅटरीला ते महिन्याला साधारण ५ टक्के, एजीएमला त्याहून कमी. पण ही गती उष्णतेने वाढते, दर १० डिग्रीला जवळपास दुप्पट. म्हणून विदर्भात एप्रिल-मेमध्ये गाडी उन्हात उभी ठेवणाऱ्यांनी पुण्या-मुंबईचा हिशोब धरू नका, सावली शोधा आणि लवकर लवकर तपासा.

केबल काढण्याआधी दुसरी चावी दाराच्या भोकात फिरते का बघा, कारण सेंट्रल लॉक आता चालणार नाही. आणि बीएस ६ डिझेल गाडीला डीईएफची (धूर साफ करायला लागणारं युरियाचं द्रव) टाकी असेल तर इंजिन बंद केल्यावर लगेच केबल किंवा कट-ऑफ स्विच तोडू नका, पाच मिनिटं थांबा, पंप लाइनमधलं द्रव परत ओढून घेत असतो.

"दर रविवारी दहा मिनिटं इंजिन चालू करून ठेवतो" हा सल्ला सगळे देतात, मी देणार नाही. आयडलिंगवर अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) कमी देतो आणि दहा मिनिटांत बॅटरीचं शेवटचं भरणं होत नाही. शिवाय इंजिन नीट तापत नाही त्यामुळे तेलात ओल राहते, आणि नवीन डिझेलमध्ये डीपीएफमध्ये (सायलेन्सरच्या लाइनमधला काजळीचा फिल्टर) काजळी साठते. चालवायचीच असेल तर तासभर रस्त्यावर चालवा, नाहीतर नका चालू करू.

५. घराची बॅटरी लिथियम असेल तर नियम उलटा

लेड-अॅसिड भरून ठेवायची, लिथियम मात्र ५०-६० टक्क्यांवर. महिनोन् महिने १०० टक्क्यांवर आणि वर उकाडा, अशाने ती लवकर म्हातारी होते. टक्के अॅपवर किंवा शंट मीटरवर (बॅटरीत किती करंट आला-गेला ते मोजणारा मीटर) बघा, व्होल्टवरून नीट कळत नाही कारण मधल्या पट्ट्यात व्होल्ट जवळपास तेवढेच राहतात. ५०-६० वर आणली की सोलरचा एमसीबी आधी पाडा, मग बॅटरीचा मेन स्विच बंद. सोलर चालू ठेवणं भागच असेल तर कंट्रोलरमध्ये चार्जिंगचे सगळे व्होल्ट, फक्त फ्लोट नाही, १३.३ च्या आसपास खाली आणा, आणि परत वापरायच्या आधी पूर्वीचे करा.

आतली बीएमएस (बॅटरीला सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) पण थोडं थोडं खात असतेच. निवांत असताना १२.८ च्या खाली आली की चार्ज करा. मीटरवर एकदम शून्य किंवा दोन-चार व्होल्ट दिसले तर बीएमएसने बॅटरी तोडली आहे, लिथियम मोडवाला चार्जर लावला की बहुतेक वेळा उठते. खूप दिवस तशीच पडून राहिली असेल तर मात्र घरी प्रयोग नकोत, विकणाऱ्याकडे न्या. लेड-अॅसिडच्या चार्जरमधला रिपेअर किंवा रिकंडिशन मोड लिथियमवर कधीच वापरू नका, तो १५ व्होल्टच्या वर जातो.

कॅनडा-युरोपात किंवा लेहला गाडी ठेवणाऱ्यांसाठी: शून्य डिग्रीच्या खाली लिथियमला चार्जिंग द्यायचं नाही, आणि लेड-अॅसिड उतरलेली असेल तर थंडीत गोठून फुटू शकते, भरलेली गोठत नाही.

६. दर तीन आठवड्यांनी पाच मिनिटं

फोनमध्ये रिमाइंडर लावा. चार्जर किंवा सोलर रात्रभर तोडून सकाळी व्होल्ट मोजा, चार्जिंगवरून काढल्या काढल्या मोजलं तर खोटा जास्त आकडा दिसतो. लेड-अॅसिडसाठी १२.६ ते १२.७ म्हणजे फुल, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ अर्धी, १२.० म्हणजे पावच उरली. मी १२.४ दिसले की चार्जिंगला लावतो, वाट बघत नाही. आकडा आणि तारीख मास्किंग टेपवर लिहून बॅटरीलाच चिकटवा. एखादी बॅटरी सगळं तोडलेलं असूनही आठवड्यात १२.६ वरून १२.२ वर येत असेल तर ती आतून गेली आहे, वॉरंटी कार्ड काढा.

त्याच फेरीत बॉनेट उघडून उंदराच्या लेंड्या आणि कुरतडलेल्या वायरी बघा.

७. परत बाहेर काढताना

आदल्या रात्री चार्जिंगला लावा, सकाळी नाही. मायनस केबल घट्ट बसवा, हाताने हलवून बघा, ढिली राहिली तर चांगली बॅटरी पण सेल्फ घेत नाही. घड्याळ, स्टिरिओ, काही गाड्यांत काचेचं ऑटो-अप परत सेट करावं लागतं.

तरीही उतरलीच असेल आणि जंपर लावत असाल तर क्रम हा: लाल आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला, काळी चांगल्याच्या मायनसला आणि शेवटचं टोक उतरलेल्या गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. सुरू झाल्यावर जंपरवर समाधान मानून निघू नका, घरी येऊन रात्रभर चार्ज करा आणि दुकानात लोड टेस्ट करून घ्या.

इंजिन चालू झालं की बॅटरीच्या दोन टोकांना परत व्होल्ट मोजा. १३.८ ते १४.५ दिसले तर अल्टरनेटर ठीक आहे. १२.५ च्या आसपास अडकलं असेल तर बॅटरीला दोष देऊ नका, बेल्ट आणि अल्टरनेटर वायरमनला दाखवा आणि ते झाल्याशिवाय लांबच्या ट्रिपला निघू नका. स्मार्ट अल्टरनेटर असलेल्या काही नव्या गाड्यांत बॅटरी भरलेली असताना हा आकडा मुद्दामच कमी ठेवतात, तिथे हेडलाइट आणि ब्लोअर लावून परत मोजा.